खडपाची ओटी

येसूबायने खडप वसवला, तिची सून गोदूबाय हिने तो राखला, गोदूबायची सून पार्वतीबाय हिने तो वाढवला, आणि पार्वतीबायची सून म्हणजे मी, जानकी पावसे, हिच्या हाती तो आला तेव्हा आडबंदरच्या बावीस घरांच्या चुली त्याच्यावर पेटत होत्या. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी मी खडपावर एकटी उभी नव्हते. त्या तिघी माझ्यामागे उभ्या आहेत असे समजूनच मी पाठ ताठ ठेवली होती.

वैशाखातली अमावास्या होती. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची मोठी सुकती. खाडीचे पाणी त्या दिवशी इतके मागे हटते की एरवी बुडून राहणारा काळा खडक थेट मधल्या धारेपर्यंत उघडा पडतो. त्यालाच आम्ही खडप म्हणतो. त्या खडपाला चिकटून कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, वाढतात आणि आमच्या बायका कोयतीने ती फोडून गर काढतात. धारेपलीकडे हुंबरी गाव आहे. त्या गावाकडे पाठ करून उभे राहायची आमच्या घरातल्या बायकांना पिढ्यांची सवय होती.

साहेब चारला येणार होते. सुकती साडेपाचला फिरणार होती. पावणेपाच झाले तरी रस्त्यावर धूळ दिसेना.

"बाय, आधी सायेब येनार का पानी?" शेवंतीने विचारले. शेवंती माझी शेजारीण. तिची जीभ तिच्या कोयतीहून जास्त चाले.

"पाणी वेळ पाळतं, शेवंती. साहेब सरकारी आहे."

बायका हसल्या. मी हसले नाही. चार वर्षांत मी सात अर्ज केले होते. प्रत्येक अर्ज मी स्वतः शुद्ध मराठीत लिहिला होता, कारण मी सातवी उत्तीर्ण आहे आणि माझ्या वेळची सातवी म्हणजे सातवी होती. खाडीच्या वरच्या वळणावर रसायनांचा कारखाना आला, त्याचे पाणी खाडीत उतरू लागले आणि आमची कालवे मरू लागली, असे मी सातही वेळा लिहिले. सातही वेळा एकच उत्तर आले: अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे. योग्य तो विभाग कुठे आहे ते कुणी कळवले नाही. अखेर मी बावीस घरांच्या बायका घेऊन तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर दोन दिवस बसले, तेव्हा ही तारीख मिळाली. अमावास्येची तारीख मीच मागून घेतली होती. साहेबाला सारा खडप उघडा दिसावा, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की त्याच दिवशी आमच्याकडे खडपाची ओटी भरतात. आम्ही आमचा खडप कसा सांभाळतो तेही त्याला दिसावे.

जीप आली तेव्हा पाच वाजले होते. नेवाळकर नावाचे साहेब उतरले. पायांत चकचकीत बूट. त्यांच्यामागून खांद्याला पिशवी लावलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उतरली. साहेबांनी रेतीच्या कडेला उभे राहून खडपाकडे पाहिले, बुटांकडे पाहिले आणि शिपायाला म्हणाले, "त्या डबक्यातलं पाणी भरून घे."

"ते डबकं आहे, साहेब," मी म्हणाले. "खाडी पुढे आहे."

"पाणी एकच असतं, बाई."

"मग कचेरीतल्या माठातलं घ्यायचं होतं. इथवर येण्याचे श्रम वाचले असते."

शेवंती खिदळली. साहेबांनी शिपायाच्या हातातली बाटली उजेडात धरली. "रंग तर ठीक दिसतोय."

"कालवाचा रंग बघायला या. शंभर पावलं आहेत."

"निसरडं आहे ना हो ते."

"आहे. माझं वय छप्पन्न आहे आणि मी रोज चालते."

आम्ही बायका पुन्हा खडपावर गेलो. ते आले नाहीत. मात्र ती मुलगी आली. तिने चपला रेतीवर काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टाच न टेकवता, चवड्यांवर, खडकाच्या खाचा ओळखत ती सरळ आमच्यापर्यंत चालत आली. असे चालणे शाळेत शिकवत नाहीत. माझ्या ते ध्यानात आले होते.

"तू कुणाची गो?" मी विचारले.

"मी मत्स्य महाविद्यालयात संशोधन करते. शिंपल्यांच्या रोगांवर. साहेबांनी मदतीला बोलावलं."

"मी काम विचारलं नाही. घर विचारलं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "तबस्सुम होडेकर. हुंबरीची."

बायकांचे हसणे थांबले.

इथे मला मागचे थोडे सांगितले पाहिजे. येसूबायच्या काळी एका वर्षी अतोनात पाऊस झाला आणि गोड्या पाण्याच्या लोंढ्याने आमच्या बाजूची झाडून सारी कालवे मेली. तेव्हा येसूबाय होडी घेऊन हुंबरीला गेली. तिथल्या आमिनाबी होडेकर या बाईने आपल्या खडपावरचे, जिवंत कालव चिकटलेले धोंडे चाळीस पाट्या भरून दिले. त्यांच्या जोरावर आमचा खडप पुन्हा वसला. येसूबायने शब्द दिला होता: खडप भरला की चाळीस पाट्या परत करीन, आणि तोवर माझ्या घरातली बाई हुंबरीचे पाणी पिणार नाही. खडप भरला. येसूबाय वारली. गोदूबाय म्हणाली, त्यांना काय कमी आहे? पार्वतीबाय म्हणाली, ती तर भेट होती, भेट कुणी परत करते का? हुंबरीच्या बायका बाजारात भेटल्या की म्हणत, "चाळीस पाट्या कंदी आनताय?" आणि आमच्या बायका तोंड फिरवत. होता होता दोन्ही काठांचे बोलणेच बंद झाले. पाणी न पिण्याचा भाग मात्र आम्ही कसोशीने पाळला. तीन पिढ्या पाळला. त्याचा मला अभिमान होता.

"साहेबांना दुसरं कुणी मिळालं नाही?" मी म्हणाले.

"नाही मिळालं, आजी," ती म्हणाली. "इतरांना इथं यायचं नव्हतं. मला यायचं होतं."

तिने पिशवीतून छोटी कोयती काढली, गुडघ्यावर बसली आणि एक कालव खडकावरून उचकटले. ते मुठीएवढे गोल झाले होते. कालव कसे असावे? पानासारखे पसरट, कडेला पातळ. आमची कालवे गेली काही वर्षे अशी धोंड्यासारखी फुगत होती. वरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढे मोठे! फोडायला कोयतीचे चार घाव लागत आणि आत गर निघे तो नखाएवढा.

तिने ते मधोमध चिरून मला दाखवले. कवचाचे एकावर एक पदर होते आणि पदरांच्या मध्ये पोकळ्या. पोकळ्यांत घाण वासाचा बुळबुळीत रस.

"सगळी ताकद भिंती बांधण्यात गेली," ती म्हणाली. "अंगावर मांस धरायला काही उरलंच नाही. किती वर्षं झाली?"

"डोळ्यांना दिसू लागून चार. गर त्याआधीपासूनच कमी होत होता."

"आणि पोरं? लहान कालवं?"

"चार वर्षांत एक नाही. पावसानंतर खडकावर तांदूळ सांडल्यासारखी दिसायची. आता खडक नुसता काळा."

तिने बाजूच्या खाचेतून एक लहान शंख उचलला, फोडला, भिंग लावून बराच वेळ पाहिला. दुसरा फोडला. तिसरा. मग भिंग माझ्या हातात दिले.

"ही मादी आहे, आजी. आणि हिला नराचं अंग फुटलंय. अंडी बाहेर यायची वाट त्यानं बंद केली. पोटात अंडी घेऊन मेली असती. तिन्ही तशाच."

"अगो बाय माझे!" शेवंती ओरडली. "घरातले नर कमी होते काय, म्हून आता मादीला पन!"

बायकांत हशा उसळला. मुलगीही हसली. मला मात्र संताप आला होता. कुणावर काढावा ते कळत नव्हते. मी रेतीच्या दिशेने वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत का, साहेब? कारखान्याने काय करून ठेवलंय ते लिहून घ्या!"

साहेब छत्रीखाली उभे होते. त्यांनी वहीवर काहीतरी टिपले किंवा टिपल्यासारखे केले.

"आजी," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "परवा मी वरच्या वळणावर जाऊन आले. कारखान्याचं पाणी जिथं पडतं तिथं."

"मग?"

"तिथली कालवं आजारी आहेत. गर हिरवट आहे, खाण्याजोगा नाही. कारखान्याचं पाणी वाईट आहे, यात शंका नाही. पण तिथल्या कालवांचं कवच असं नाही. पातळ आहे. शंखांच्या माद्याही माद्याच आहेत. ते वळण आणि हा खडप यांच्या मधल्या कोपऱ्यात तर बरीच कालवं धड आहेत. हे जे आहे, ते फक्त इथं आहे. तुमच्या खडपावर." ती थांबली. "आणि धारेपलीकडे."

शेवटचे शब्द मी ऐकले, पण तिकडे लक्ष दिले नाही. मला ऐकू आले ते एवढेच की ही हुंबरीची पोर चार वर्षांच्या माझ्या सात अर्जांना खोटे ठरवते आहे.

"तुला कारखानेवाल्यांनी पाठवलं का गो?"

तिचा चेहरा उतरला. दुपारभर ऊन अंगावर घेतले होते, माझा आवाज कोरडा पडला होता. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "थोडं पाणी घ्या, आजी."

"आम्ही हुंबरीचं पाणी पीत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आमच्या घरीही सांगतात." आणि तिने बाटली परत ठेवली.

त्याच वेळी परशुरामाने हाक मारली, "आई, पानी फिरंल आता! ओटी भर!"

परशुराम माझा थोरला. तो तीन पाट्यांपैकी पहिली पाटी उचलून खडपावर घेऊन आला; बाकीच्या दोन रेतीवर होत्या. साहेबही तेवढ्यासाठी बोलणे ऐकू येईल इतके पुढे सरकले. रीतिरिवाज पाहायला सर्वांनाच आवडते.

ही ओटी येसूबायने सुरू केली. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि त्यांचे तळ खरवडतात. वर्षभरात तळाला चिकटलेली शिंपली, कालवाची पिल्ले, टोकदार कवचे, सारे त्या खरवडीत निघते. येसूबाय म्हणे, शिंपीला शिंपीची संगत लागते. खाडीतून जे होडीवर आले ते खाडीला परत दिले तर त्याच कवचांवर नवी पिल्ले बसतात. म्हणून वैशाखी अमावास्येला घरच्या होड्यांची सारी खरवड पाटीत भरायची, तिला हळद-कुंकू वाहायचे, वर नारळ ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या बाईने ती आपल्या हातांनी खडपाच्या खाचाखाचांत ओतायची. चार पिढ्यांत एक वर्ष चुकले नव्हते. पार्वतीबाय गेली त्या वर्षीही सुतकात मी शेवंतीकडून ओतवून घेतली होती. आणि खडप रोडावू लागल्यापासून तर मी एका पाटीऐवजी तीन पाट्या ओतू लागले होते. शेजारच्या होड्यांची खरवडसुद्धा मागून आणत होते.

मी पदर खोचला. पाटी कमरेशी धरली. खरवड विटेच्या भुग्यासारखी लालभडक दिसत होती, त्यावर कुंकू दिसतही नव्हते.

मुलगी पुढे आली आणि तिने पाटीच्या काठावर तळवा ठेवला.

"थांबा, आजी."

"हात काढ."

"हे काय आहे?"

"ओटी आहे. हात काढ, पोरी. ह्या पाटीला परगावचा हात लागत नाही."

"हे लाल काय आहे?"

उत्तर परशुरामाने दिले, कौतुकाने. "रंग हाय त्यो. होडीच्या बुडाला लावतो आमी. बाहेरून येतो, डब्यातला. पूर्वी मुशी माशाच्या तेलात चुना कालवून लावायचे, त्यो चार म्हयन्यांत सुटायचा. ह्यो वरीसभर ऱ्हातो."

"किती वर्षं लावताय?"

"इंजिनाची होडी घेतली तवापासून. अकरा वर्षं."

मुलीने परशुरामाकडे पाहिले नाही. माझ्याकडेच पाहत होती. "आजी, तो रंग कशासाठी लावतात?"

"एवढंही शिकवलं नाही का तुला?" मी म्हणाले. "होडीच्या बुडाला शिंपी बसू नये म्हणून. बसली तर मरावी म्हणून."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने, स्पष्ट उच्चारांत, साऱ्या बायकांसमोर बोलले. बोलून झाल्यावर ते मला ऐकू आले.

तिने तळवा काढून घेतला. आता ओतायचे की नाही ते माझ्यावर होते.

पाटी माझ्या हातांत होती. अकरा वर्षे. पहिली काही वर्षे एक एक पाटी, मग खडप आजारी पडला म्हणून तीन तीन. जितका तो मरत गेला तितके मी त्याला जास्त भरवले होते, आपल्या हातांनी, हळद-कुंकू वाहून.

सर्वांत आधी साहेबांना समजले. "म्हणजे," ते एकदम तरतरीत आवाजात म्हणाले, "कारखान्याचा यात काही संबंधच नाही. हा तर तुमच्याच होड्यांचा रंग! मग प्रकरण मिटलंच की." आणि पहिल्यांदाच त्यांच्या पेनाने वहीवर खरीखुरी धाव घेतली.

"बाय," शेवंती माझ्या कानाशी आली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "त्या पोरीचं मनावर घेऊ नको. वत तू. तू वतलीस की सायेबाला कळंल का ती पोर खोटं बोलते. न्हायतर कारखाना सुटतो आनि आपन बुडतो. बावीस घरं हायत, बाय."

"आई, वत," परशुराम म्हणाला. "पानी फिरतंय."

खरोखरच फिरत होते. मधल्या धारेवर भरतीची पहिली रेघ उठली होती. मी जर ती पाटी ओतली असती तर कुणी काही बोलले नसते. आमच्या गावात माझ्या हातून चूक होते असे मानायची कुणाला सवय नव्हती, मला तर मुळीच नव्हती. मी मागे वळून पाहिले. तिथे येसूबाय नव्हती, गोदूबाय नव्हती, पार्वतीबाय नव्हती. उघडा, काळा, पोरे नसलेला खडक होता.

मी नारळ काढून शेवंतीच्या हाती दिला. मग पाटी डोक्यावर घेतली आणि रेतीकडे चालू लागले.

ओलसर खरवड जड असते. शंभर पावलांत माझी मान भरून आली. परशुराम पाटी घ्यायला धावला, त्याला मी नजरेने थांबवले. बायका दोन्ही बाजूंना सरकून उभ्या राहिल्या. खडपावर नेलेली ओटी परत आणणारी आमच्या घरातली मी पहिलीच बाई. साहेब माझ्याआधी रेतीवर परतले होते; त्यांच्या चकचकीत बुटांसमोर मी ती पाटी उतरवली.

"लिहा," मी म्हणाले.

"बाई, मी लिहिलंय..."

"तुम्ही लिहिलंत ते खोडा. मी सांगते ते लिहा. जानकी पावसे हिने अकरा वर्षे होडीच्या रंगाची विषारी खरवड स्वतःच्या हातांनी खडपावर ओतली. लिहिलंत? आता खालची ओळ. वरच्या वळणावर कारखान्याच्या पाण्याने कालवांचा गर हिरवा पडतो व तो खाण्यास अयोग्य आहे. ही मुलगी त्याची साक्षीदार आहे. पहिली ओळ ठेवून दुसरी गाळलीत तर मी त्या कचेरीच्या पायरीवर पुन्हा येऊन बसेन, आणि या वेळी दोन दिवसांत उठणार नाही."

"दुसरीबद्दल नमुने घ्यावे लागतील."

"मग वळणावर जा. तिथे रस्ता आहे. बूट भिजणार नाहीत."

त्यांनी लिहिले. तो अहवाल चौदा महिन्यांनी आला. त्यात दोन्हीपैकी एकही ओळ नव्हती. 'पाण्याचे नमुने समाधानकारक आढळले' असे होते. डबक्याचे पाणी समाधानकारक होते, याबद्दल मला आजही शंका नाही.

पण त्या दिवशीचे अजून एक सांगायचे राहिले. जीप सुरू झाली तेव्हा मुलगी चपला घालत होती. मी तिच्याजवळ गेले.

"धारेपलीकडे, असं काहीतरी म्हणाली होतीस मघाशी."

तिने चपलेचा पट्टा लावला. मग उभी राहिली. "सुकतीचं पाणी तुमच्याकडून आमच्याकडे येतं आणि गाळ तिथंच सोडतं, आजी. आमचा खडप तुमच्याआधी मेला. सहा वर्षं झाली. एक कालव नाही उरलं. म्हणून तर मी हा विषय घेतला. कशानं मेला ते शोधत शोधत इथवर आले."

"सहा वर्षं? मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार?" ती म्हणाली. "आपलं बोलणं कुठे आहे?"

मी तोंड वळवून धारेपलीकडच्या हुंबरीकडे नीट पाहिले.

"तुला इथं येताना हे ठाऊक होतं? की आम्हीच..."

"नव्हतं. पाटी बघेपर्यंत मलाही कारखानाच वाटत होता."

ती खरवड आम्ही डोंगराच्या बाजूला खोल खड्डा करून, खाली-वर सिमेंट घालून पुरली. त्यानंतरची वर्षे भांडणांची होती. तो रंग आमच्या होडीला लागणार नाही असे मी त्याच संध्याकाळी जाहीर केले. परशुराम माझ्याशी दोन महिने बोलला नाही. होडी जड चालते, डिझेल जास्त लागते, दर चार महिन्यांनी ओढून घासावी लागते, हे सारे खरे होते. मी म्हणाले, मग घास. ज्या हातांनी ओतली त्याच हातांनी मीही घासायला बसले, चुना आणि तेल कालवून. दुसऱ्या होडीवाल्यांना पटायला तीन वर्षे लागली. शेवंतीच्या नवऱ्याला पाच. कुणी खाडीत तळ खरवडताना दिसला की मी रेतीवर जाऊन उभी राहत असे. नुसती उभी. बहुतेकांना तेवढे पुरत असे. गावात मला कुणी उघड बोलले नाही, पण बावीस घरांपैकी नऊ घरांतल्या सुना कालव सोडून आंब्याच्या कारखान्यात रोजाने जाऊ लागल्या आणि जाताना माझ्या अंगणावरून न जाता मागच्या वाटेने जात. ते मी सोसले. सोसायलाच हवे होते.

विष चिखलात बसलेले होते, ते लगेच जाणार नव्हते. तबस्सुम दर मोठ्या अमावास्येला येई, चिखल नेई, शंख फोडून पाही आणि मान हलवी. कधी चहा घेऊन जाई. आमच्या घरचा चहा ती घेई. शपथ आमची होती, तिची नव्हती. असे आठ पावसाळे गेले. नवव्या पावसानंतर एका सकाळी शेवंती अंगणात धावत आली. वयाने आता तिला धावणे शोभत नव्हते.

"बाय, खडपावर तांदूळ सांडलाय!"

मी गेले. बसून बोट फिरवले. वळणाखालच्या त्या मधल्या कोपऱ्यात थोडी धड कालवे उरली होती, त्यांची ती पिल्ले. नखाच्या टोकाएवढी, पांढरी, धारदार. माझे बोट कापले. ते रक्त मी पुसले नाही.

आणखी पाच वर्षे मी एकही कालव फोडू दिले नाही. हेही भांडूनच.

मग अशाच एका वैशाखी अमावास्येला आम्ही खडपावरचे, कालव चिकटलेले धोंडे सुटे केले. पाट्या भरल्या. परशुरामाने पाच खेपा केल्या, प्रत्येक खेपेला आठ. मी न सांगता. पाचव्या खेपेला मी होडीत बसले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी धार पहिल्यांदाच ओलांडत होते. ती ओलांडायला वल्ह्याचे साठ फटकारे लागतात.

हुंबरीच्या किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या. मध्ये खुर्चीवर हाजराबी बसली होती. तबस्सुमची आजी, आमिनाबीची नातसून. डोळ्यांनी अधू झाली होती. तबस्सुम तिच्यामागे उभी होती. आता ती त्याच महाविद्यालयात शिकवत होती आणि तिच्या केसांत पांढरी रेघ दिसू लागली होती. प्रत्येक पाटी हाजराबीच्या पायाशी आणली जाई, ती वाकून हात घाली, कालवांच्या कडांवरून बोटे फिरवी आणि पुढे न्यायची खूण करी. एकोणचाळीस पाट्या अशा पाण्यात गेल्या.

चाळिसावी मी उचलली. परशुरामाने हात पुढे केला नाही. तो शिकला होता.

हाजराबीने बोटे फिरवली. "कड पातळ हाय," ती म्हणाली. "असावी तशी हाय." मग मान वर करून, जिथे माझा चेहरा असेल असे तिला वाटले तिथे पाहत म्हणाली, "जानकीच ना तू? पोरगी सांगायची तुझ्याबद्दल. लय ताठ हाय म्हनायची."

"होते," मी म्हणाले. "आमिनाबीच्या चाळीस पाट्या आणल्यात. उशीर झाला."

"झाला खरा."

मी पाटी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि धोंडे एकेक करून, कालवे वर येतील असे, खाचांत बसवले. हात कापले. वर आले तेव्हा हाजराबी तांब्या घेऊन बसली होती.

"आमच्या विहिरीचं पानी जरा मचूळ असतं," ती म्हणाली.

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तळ दिसेपर्यंत प्यायले. मचूळ होते.